काच खाली कर

"काच खाली कर, उर्मे," मकरंद म्हणाला, की पुढं काय होणार ते आम्हा तिघांनाही ठाऊक असायचं.

विट्याच्या रस्त्यावर ओगलेवाडी मागं पडली की एक सरळ पट्टा लागायचा. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये नुकताच केलेला डांबरी रस्ता, आणि सकाळी लवकर गेलं तर चिटपाखरू नसायचं. माझा थोरला भाऊ संग्राम, म्हणजे दादा, आधी तो सगळा पट्टा चाळीसच्या वेगानं जायचा. कुठं खडी सांडलीय, कुठं कुत्रं झोपलंय, कुठल्या बांधावरून बैलगाडी रस्त्यावर यायच्या बेतात आहे, हे बघत. शेवटाला गाडी वळवून यायचा, थांबायचा, हात पँटला पुसायचा.

"झाली का पूजा?" मकरंद विचारायचा.

"झाली."

"मग नारळ फोड."

आणि दादा ती निळी काँटेसा सोडायचा.

मकरंद पुढं डावीकडं, मी मागं. काटा वाचायचं काम मकरंदचं. "ऐंशी. शंभर. संग्र्या, झोपलास काय? एकशे दहा." तोवर त्यानं उजवा हात डॅशबोर्डवर टेकवून डावा खिडकीबाहेर काढलेला असायचा, पंजा उघडा, वाऱ्याला आडवा. मीही मागून हात काढायचे. साठला हवा नुसती गार लागते. शंभरला ती पाण्यासारखी होते, हात मागं रेटते. एकशे वीसच्या पुढं ती हातात धरता येते, मळलेल्या कणकेसारखी. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, हे मी कॉलेजात वहीत उतरवून घेतलं होतं. पण पटलं ते त्या खिडकीत.

"चौपट काय गं, सोळापट!" मकरंद ओरडायचा.

"चौपटच."

"तुझं फिजिक्स माझ्या तळहातावर बसलंय, मला विचार!"

दादा हसायचा, पण नजर रस्त्यावरून हलायची नाही. पट्टा संपायच्या बराच आधी तो पाय काढायचा. वळणावर, गावात, घाटात त्यानं कधी गाडी पळवली नाही. "पळवायला जागा लागते," तो म्हणायचा, "आणि थांबायला त्याहून जास्त." हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं वर्षभर कराडात कुणीही हे मानायला तयार नव्हतं.

मकरंद म्हणजे आमच्या सुलभाआत्याचा एकुलता मुलगा. आत्या चिपळूणची. तिचे यजमान लवकर गेले, म्हणून मकरंद शिकायला कराडला, आमच्याच घरी. माझे वडील त्याचे मामा. घरातले आणि पेठेतलेही सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांचं पंप आणि पाइपचं दुकान होतं. पूर्वी त्यांच्याकडं फियाट होती, पंचवीसेक वर्षं वापरलेली. मग एका डॉक्टरांनी आपली काँटेसा विकायला काढली आणि आप्पा भुलले. लांबलचक नाक, रुंद छाती, आत बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं. भुलले खरे, पण ती गाडी पेट्रोल किती पिते हे कळल्यापासून आप्पा तिच्याकडं घरात आलेल्या खादाड पाहुण्याकडं बघावं तसे बघायचे. स्वतः फारसे चालवायचे नाहीत. गावातल्या गावात, बँकेपर्यंत, एखाद्या लग्नाला. लांबचं सगळं दादाकडं.

फियाटच्या काळापासून आप्पांची एक पद्धत होती. घाटमाथा आला की गाडी न्यूट्रल करायची, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं आणि पायथ्यापर्यंत नुसत्या उतारावर सोडून द्यायची. "देवानं फुकट दिलेला उतार," ते म्हणायचे, "त्यावर पेट्रोल कोण जाळतो?" लहानपणी कुंभार्ली घाट आम्ही असाच उतरायचो. इंजिनाचा आवाज नाही, नुसता टायरचा, आणि आईच्या बांगड्यांचा. आप्पांच्या पिढीतले कितीतरी जण असंच करायचे. दादा मात्र काँटेसा घाटात चालू इंजिनावरच उतरवायचा, आणि त्यावरून दोघांची नेहमी जुंपायची.

मकरंद गेला तो वैशाखात. परीक्षा संपल्यावर दादा त्याला चिपळूणला सोडायला निघाला होता. कुंभार्ली घाटात, माथ्याजवळच्या एका वळणावर गाडी डोंगराच्या कड्यावर आदळली. डावी बाजू. दादाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मकरंद दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

शुद्धीवर आल्यावर दादा एकच वाक्य बोलला, "ब्रेक दगडासारखा झाला. दाबला जाईचना."

गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा ब्रेक तपासले. त्यांत काही दोष निघाला नाही. गॅरेजवाल्यानं आप्पांना गाडीत बसवून, रस्त्यावर एक चक्कर मारून दाखवलं. पाय ठेवला की गाडी जागेवर. आप्पा घरी आले आणि दादाच्या खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "मेलेल्या पोराच्या पाठीमागं तरी खोटं बोलू नकोस." मग विट्याच्या रस्त्याची गोष्ट बाहेर आली. उसाला पाणी पाजणाऱ्या कुणीतरी ती निळी गाडी वाऱ्यासारखी जाताना पाहिली होती. झालं. केस लागली, तारखा पडत गेल्या. आत्या फोनवर आईला म्हणाली, "संग्रामचं नाव माझ्यापुढं काढू नका वहिनी. वेगाच्या नादात माझं पोर खाल्लं त्यानं."

पंधरा-वीस दिवस दादा ब्रेकचं म्हणत राहिला. मग एकदम थांबला. मी विचारलं, "म्हणजे नक्की कसा झाला रे ब्रेक? लागतच नव्हता, की कडक झाला होता?" तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "जाऊ दे उर्मे. मीच जोरात होतो."

त्यानंतर त्यानं किल्लीला हात लावला नाही.

वर्षश्राद्धाला आम्ही सकाळीच निघालो. आप्पा गाडी चालवत होते. आई आणि मी मागं. पुढची डावी सीट मोकळी. तिच्यावर सामानाची पिशवी ठेवली होती, वरती शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. मकरंदला आवडायची म्हणून आईनं कुटून घेतलेली. दादा माझ्या पलीकडं, दाराला टेकून. त्याला आत्यानं बोलावलं नव्हतं. आप्पांनी आणला होता, आणि कशासाठी ते त्यांनी पाटण सोडल्यावर पुन्हा एकदा सांगितलं.

"तिच्या पायावर डोकं ठेवायचं. मकरंदच्या फोटोपुढं. आणि तोंडानं म्हणायचं, मी गाडी जोरात चालवत होतो. कळलं?"

"हो."

"नुसतं हो नको. म्हणशील का?"

"म्हणतो, आप्पा."

"वर्ष झालं. खरं बोलायला माणसाला वर्ष लागतं का?"

"अहो, आजच्या दिवशी तरी..." आई म्हणाली.

"आजच्याच दिवशी." आप्पांनी गिअर बदलला. "वर्षभर माझी बहीण माझ्याशी धड बोललेली नाही. भाऊबीजेला ओवाळलं, पण नजर वर केली नाही. का, तर याचा बाप म्हणून."

मला मात्र वाटत होतं, आज म्हणू दे बाबा एकदाचं. आत्या रडेल, ओरडेल, दोन थोबाडीत मारेल. पण त्यानंतर कदाचित तो पुन्हा पोटभर जेवेल.

कोयनानगरला चहाला थांबलो. परत गाडीत बसताना दादानं पुढचं दार उघडलं, पिशवी उचलून माझ्या मांडीवर दिली आणि त्या डाव्या सीटवर बसला. वर्षभरात तिथं कुणी बसलं नव्हतं. दाराचा पत्रा नवा होता, रंग बाकीच्या गाडीपेक्षा एक छटा उजळ.

"तिथं कशाला?" आप्पा म्हणाले.

"मागं मळमळतंय."

त्याला गाडीत कधीच मळमळत नसे. मी आरशात त्याच्याकडं पाहिलं. तो समोर बघत होता, सरळ पट्ट्यावर बघायचा तसा.

घाटमाथा आला. खाली कोकण धुरकट दिसत होतं. आप्पांनी गाडी न्यूट्रल केली आणि किल्ली फिरवली. एकदम शांतता.

"आप्पा, इंजिन चालू ठेवा," दादा म्हणाला.

"का?"

"या गाडीला बंद इंजिन चालत नाही."

"उताराला इंजिन काय ओवाळायला हवंय? तीस वर्षं हा घाट उतरतोय मी. तुझ्या जन्माआधीपासून."

"ती फियाट होती. हिच्या ब्रेकला इंजिनाची जोड लागते. आप्पा, ऐका माझं. हवं तर मला रस्त्यावर उतरवा, पण इंजिन चालू करा."

"तू मला गाडी शिकवणार? तू?"

आईनं पुढं वाकून दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "गप रे बाळा. चालवू दे त्यांना त्यांच्या पद्धतीनं. हळूच तर चाललेत."

खरंच हळू चालले होते. पहिलं वळण आलं, आप्पांनी ब्रेक दाबला, सोडला. गाडी शहाण्यासारखी वळली. "बघ," ते म्हणाले. दुसऱ्या वळणावर ब्रेक जरा जास्त दाबावा लागला. आप्पांची फियाटची सवय होती, थोडा दाबायचा, सोडायचा, थोडा दाबायचा, सोडायचा. दादाचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर गेला होता. मी त्या हाताकडंच बघत होते.

"सोडू नका पाय," तो हळू आवाजात म्हणाला. "दाबून धरा. पुन्हा पुन्हा सोडू नका."

"गप बस म्हटलं ना!"

पुढचं वळण तीव्र होतं. खालून एसटी चढत होती, वळणाचा अर्ध्याहून अधिक रस्ता घेऊन. आप्पांनी पाय दाबला. मला मागून त्यांचा खांदा वर आलेला दिसला, मानेच्या शिरा ताठलेल्या. गाडीचा वेग होता तेवढाच. मग जास्त.

"अरे," आप्पा म्हणाले. "अरे, हा... हा जातच नाही!"

एसटीचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. आई काहीतरी ओरडली. आणि दादाचा आवाज आला, एकदम शांत.

"क्लच दाबा."

आप्पांनी दाबला. दादानं दांडा तिसऱ्या गिअरमध्ये ढकलला, स्टिअरिंगखाली हात घालून किल्ली फिरवली.

"आता क्लच सोडा. सोडा, आप्पा! ब्रेकवरचा पाय काढू नका."

गाडीला हिसका बसला. पोटातून घरघर आली, इंजिन गुरगुरलं, आणि त्याच क्षणी आप्पांच्या पायाखालचा दगड वितळला. चारही चाकं किंचाळली. गाडी एसटीच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर कठड्याला लागून उभी राहिली आणि पुन्हा बंद पडली.

एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून आप्पांना बरंच काही बोलला. आप्पांनी नुसते हात जोडले. एसटी गेली. क्लचचा करपट वास गाडीत भरला होता. माझ्या मांडीवरची बरणी फुटली नव्हती. मी ती दोन्ही हातांनी इतकी आवळली होती, की बोटं उघडताना दुखली.

माझ्या डोक्यात तेव्हा एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ब्रेकच्या पेडलमागं एक पत्र्याचा डबा असतो. चालू इंजिन त्यातली हवा ओढून घेतं, आणि बाहेरच्या हवेचा दाब आपल्या पायाच्या जोराला कितीतरी पटींनी जोड देतो. इंजिन बंद केलं तर डब्यातली ती पोकळी दोन-चार दाबांपुरती उरते. मग उरतो नुसता माणसाचा पाय आणि टनभराहून जड गाडी. फियाटला असा डबाच नव्हता; तिथं पहिल्यापासून पायाचाच जोर. आणि गॅरेजमधून रस्त्यावर चक्कर मारताना इंजिन चालूच असतं. ब्रेक चांगलेच निघणार.

ब्रेक दगडासारखा झाला. दाबला जाईचना.

आप्पा गाडीतून उतरले. रस्त्यानं खाली चालत गेले. त्यांच्यामागं दादा, दादामागं मी. आई गाडीतच बसून राहिली. दोन वळणं खाली ती जागा होती. कड्याच्या काळ्या दगडावर अजून एका रेषेत खरवडलेलं दिसत होतं. आप्पा तिच्यापुढं उभे राहिले.

"त्या दिवशी इंजिन बंद होतं?"

दादानं पायानं खडी सारली.

"संग्राम, मी विचारतोय."

"होतं."

"तू कधीच बंद करायचा नाहीस. भांडायचास माझ्याशी." आप्पांनी एक हात दगडावर टेकवला. "आदल्या दिवशी मी दुकानात तुझ्याकडून शब्द घेतला. लक्ष्मीच्या फोटोवर हात ठेवून. घाटात इंजिन बंद ठेवीन म्हणून."

"हो."

"आणि तू तो पाळलास."

दादा खाली बसला, रस्त्याच्या कडेला, उकिडवा. "मकरंद चेष्टा करत होता," तो म्हणाला. "म्हणाला, आज मामाच्या पद्धतीनं जाऊ, सावकाश, आई खूश होईल. चाळीसच्या आत होतो, आप्पा. पहिली दोन वळणं नीट गेली. मग पाय बसेचना. एका बाजूला दरी होती, म्हणून मी डोंगरावर घातली. वाटलं, घासत घासत थांबेल." तो थांबला. "किल्ली फिरवून गिअर टाकायचं तेव्हा सुचलं नाही. नंतर, खाटेवर पडल्या पडल्या सुचलं. सगळं नंतर कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होतात तुम्ही?"

वरून एक ट्रक आला, आम्हाला वळसा घालून गेला. आप्पा त्या खरवडलेल्या रेषेकडंच बघत होते. मग ते सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून म्हणाले, "चल. तिला सांगू."

दादा ताडकन उठला. "नाही."

"नाही म्हणजे?"

"आत्याला सांगायचं नाही. तिचा मुलगा गेलाय. नवरा आधीच गेलाय. तिला माहेर म्हणून तुम्ही एकटे आहात. माझ्यावर रागावलीय, रागावू दे. भाचे काय, पुन्हा पुन्हा भेटतात. भाऊ एकच आहे तिला." त्यानं आप्पांचा हात धरला. लहानपणानंतर त्यानं तो धरलेला मी पाहिला नव्हता. "मी म्हणतो ना. ठरल्याप्रमाणं म्हणतो. जोरात होतो म्हणून."

आप्पा वळून चढ चढू लागले. गाडीपाशी आल्यावर त्यांनी किल्ली दादाच्या हातात दिली आणि डावीकडं जाऊन त्या सीटवर बसले. दादानं इंजिन चालू केलं. चालू इंजिनावरच गाडी खाली पोफळी गावात उतरली.

आत्याचं घर गावाबाहेर, मागं फणसाची झाडं. गुरुजी निघून गेले होते. बाहेरच्या खोलीत मकरंदचा फोटो, चंदनाचा हार, पुढं समई. फोटोत तो हसत होता. आत्या दारात आली, आम्हाला बघून हसल्यासारखी झाली, आणि मागून येणारा दादा दिसल्यावर तिचा चेहरा मिटला.

"वहिनी, मी म्हटलं होतं ना तुम्हाला."

"त्याला बोलायचंय तुझ्याशी, सुलभा," आई म्हणाली.

आत्या बाजूला झाली नाही, पण दादा वाकून आत आला. त्यानं आधी फोटोला नमस्कार केला. मग आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पाय मागं घेतले. त्यानं ते पुन्हा धरले.

"आत्या, मी त्या दिवशी गाडी..."

"मोठ्यानं बोल," आत्या म्हणाली. "तो ऐकतोय."

"मी गाडी जोरात..."

"खोटं बोलतोय तो," आप्पा म्हणाले.

ते दाराशीच उभे होते, चपलाही न काढता. दादानं मान वर केली. "आप्पा, नको," तो म्हणाला. "आप्पा, माझी शपथ."

"एकदा शपथ घालून बघितली मी," आप्पा म्हणाले. "पोर गेलं त्यात." मग ते बहिणीकडं वळले. "सुलू, गाडी हळू होती. इंजिन बंद करून उतरत होती पोरं, कारण मी याच्याकडून तसा शब्द घेतला होता. बंद इंजिनावर त्या गाडीचा ब्रेक लागत नाही. मला माहीत नव्हतं. यानं सांगायचा प्रयत्न केला तर मी ऐकलं नाही. आज तिथंच, त्याच घाटात, मी या तिघांनाही घालवत होतो. यानं वाचवलं."

समईची वात तडतडली. आत्यानं आप्पांकडं पाहिलं, मग खाली, पायाशी बसलेल्या दादाकडं.

"तुला माहीत होतं?"

त्यानं मान हलवली.

"कधीपासून रे?"

"झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी कळलं."

"मग वर्षभर माझे तळतळाट का घेतलेस?"

दादानं नुसतं आप्पांकडं पाहिलं. आत्याला पुढं विचारावं लागलं नाही. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं, जवळ घेतलं नाही, रडलीही नाही. स्वयंपाकघरात नेलं, पाट मांडला आणि वाढलं. वडे, खीर, आणि पानाच्या डाव्या बाजूला आमच्या बरणीतली चटणी. तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. "अजून घे," एवढंच म्हणत होती. "अजून घे."

आईला आणि मलाही तिनं वाढलं. आप्पांचं पान मांडलं होतं. तिथं वाढायला ती वाकली, आणि पळी तशीच परत भांड्यात ठेवून सरळ झाली.

निघताना ती ओटीवर आली. "आप्पा," ती म्हणाली, "तू मुद्दाम केलं नाहीस, ते कळतंय मला. पण तू आता येऊ नकोस."

आप्पा "बरं" म्हणाले.

त्या दिवाळीला भाऊबीजेच्या सकाळी आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गाडीजवळ जाऊन उभे राहिले. "चिपळूणला चल," दादाला म्हणाले. दादानं किल्ली घेतली. मीही बसले. आत्याच्या फाटकासमोर गाडी उभी राहिली. आत्या बाहेर आली, दादाला आणि मला आत बोलावलं, फराळ दिला, दादाच्या लग्नाचं विचारलं. आप्पा गाडीत बसून होते, डावीकडच्या सीटवर, काच वर. दादा इंजिन चालू ठेवूनच आत आला होता. घाटातल्या त्या दिवसापासून आप्पांना बंद गाडीत बसवत नसे. आम्ही परत आलो तेव्हा आप्पांनी फक्त विचारलं, "बरी आहे ना?"

पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्याही. शेजाऱ्यांना माहीत झालं होतं, दिवाळीत ती जुनी निळी गाडी फाटकाशी घुर्र करत उभी राहते आणि तिच्यात एक म्हातारा बसलेला असतो. आई म्हणायची, "कशाला जाता हो, अपमान करून घ्यायला?" आप्पा म्हणायचे, "ओवाळायचं की नाही, ते तिनं ठरवायचं. भावानं जायचं असतं."

ज्या वर्षी आप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिला, त्या वर्षी त्यांना गाडीत बसवायलाच दोघं लागलो. वाटेत घाटात दादानं गाडी हळू घेतली. कड्यावरची ती रेषा आता शेवाळानं भरली होती. आप्पांनी ती शोधली नाही. डोळे मिटून बसले होते.

फाटकाशी थांबलो. दादा उतरायला लागला तेवढ्यात आत्या बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात तबक, तबकात पेटलेलं निरांजन. वारा होता, ती एका हातानं ज्योत झाकत, अंगणातून पावलापावलानं येत होती. दादा अर्धवट उघडलेलं दार धरून तसाच थांबला. ती गाडीला पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आली, त्या एक छटा उजळ असलेल्या दारापाशी.

आप्पा समोर बघत होते. तिच्याकडं वळायचं धाडस त्यांचं होत नव्हतं.

आत्यानं बोटांच्या पेरांनी काचेवर टकटक केलं.

"आप्पा," ती म्हणाली, "काच खाली कर."